पसरलेला कॅन्सर : निर्णय रुग्णाचा, वेदनामुक्ती हक्काची

"डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या म्हणाले. आता पुढं काय करायचं?"

अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांमध्ये काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा मुलगा, भाऊ किंवा जावई असतो. ज्याला आजार आहे ते माणूस आत खाटेवर असते आणि यातले फारसे काही त्याला सांगितलेले नसते. फाईल नातेवाइकांकडे, निर्णय नातेवाइकांकडे आणि दुखणे मात्र एकट्या रुग्णाकडे, अशी ही वाटणी असते.

कॅन्सर शरीरात पसरला, तो पूर्ण बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे उपचार संपले असे नाही. त्यानंतरही निवडी असतात आणि त्या रुग्णाने करायच्या असतात. त्यासाठी खरी माहिती लागते, दुखणे थांबवणारे औषध लागते आणि कायद्याचा आधार लागतो. या तिन्हींची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख. औषधांचे निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय?

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे परिहार सेवा किंवा उपशामक सेवा. गंभीर आजारातील वेदना, धाप, उलट्या, जखमा, झोप न लागणे, भीती, घरातली आर्थिक ओढाताण या सगळ्यांवर एकत्र काम करणारी ही वैद्यकीय शाखा आहे. डॉक्टर, नर्स, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता मिळून ही सेवा देतात. रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचीही त्यात काळजी घेतली जाते.

या सेवेचा आधुनिक पाया ब्रिटनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. दुखणे फक्त शरीराचे नसते, त्यात मनाचे, नात्यांचे आणि पैशाच्या चिंतेचे दुखणेही मिसळलेले असते, हे त्यांनी मांडले. धम्माच्या अभ्यासकांना यावरून संयुत्त निकायातील दोन बाणांचा दृष्टांत आठवेल. शरीराला लागलेला बाण एक आणि त्यावरून मनाला लागणारा बाण दुसरा.

भारतातील पहिले हॉस्पिस आपल्याच राज्यात सुरू झाले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन उभे केले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर काम करते. तेथे कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सेवा मिळते.

असे असूनही ही सेवा थोड्यांनाच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात जितक्या लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते, त्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते.

"शेवटची सेवा" हा गैरसमज

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मरणाची तयारी, असे अनेकांना वाटते. त्यामुळे डॉक्टरांनी नाव काढले तरी घरचे घाबरतात. प्रत्यक्षात ही सेवा किमो, रेडिएशन चालू असतानाच सुरू करायची असते.

याचा एक चांगला पुरावा २०१० मध्ये पुढे आला. अमेरिकेत बोस्टन येथे फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे कॅन्सर उपचार दिले. उरलेल्यांना तेच उपचार आणि सोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे रोजचे जगणे अधिक सुसह्य राहिले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि शेवटच्या काळात त्रासदायक उपचारही कमी झाले. तरीही हा गट अधिक जगला. त्यांचे मध्यक आयुष्य ११.६ महिने होते, तर पहिल्या गटाचे ८.९ महिने. वेदना कमी करणे म्हणजे आयुष्य कमी करणे नव्हे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

निवड नेमकी कशाची असते?

घरात बहुतेक वेळा प्रश्न असा मांडला जातो : "सगळे करायचे की सोडून द्यायचे?" ही मांडणीच चुकीची आहे. या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही असते. दोन उदाहरणे पाहू.

पहिले तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे. तंबाखू, मावा, मशेरी यांमुळे आपल्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. तो परत उलटला किंवा पसरला आणि शस्त्रक्रिया शक्य नसली, तर सलाईनमधून किमो देण्याची पद्धत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने अशा ४२२ रुग्णांमध्ये दोन उपचारांची तुलना केली. एका गटाला सलाईनमधून सिस्प्लॅटिन दिले, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या तोंडावाटे. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळ्यांच्या गटाचे मध्यक आयुष्य ७.५ महिने होते, सलाईनच्या गटाचे ६.१ महिने. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. जे घरी बसून घेता येते, ते या रुग्णांसाठी सलाईनपेक्षा कमी पडले नाही. प्रत्येकाला हा उपचार लागू पडेलच असे नाही, परंतु "गोळ्यांचा पर्याय आहे का?" असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

दुसरे उदाहरण हाडात पसरलेल्या कॅन्सरचे. त्याचे दुखणे फार तीव्र असते. ते कमी करण्यासाठी रेडिएशन देतात, ज्याला आपल्याकडे "शेक देणे" म्हणतात. अनेक अभ्यासांतून दिसले आहे की साध्या हाडदुखीत ८ ग्रेचा एकच शेक वेदना कमी करण्यात पाच-दहा शेकांइतकाच परिणामकारक ठरतो. एकाच शेकानंतर पुढे कधी पुन्हा शेक घ्यावा लागण्याची शक्यता थोडी जास्त असते, एवढाच फरक. शेवगावहून किंवा अकोल्याहून रोज गाडी करून जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एक फेरी आणि दहा फेऱ्या यांतला फरक केवळ वैद्यकीय नाही. त्यात गाडीभाडे आहे, बुडालेली मजुरी आहे आणि दुखऱ्या हाडांनी खड्ड्यांतून केलेला प्रवास आहे.

म्हणून पुढच्या तपासणीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?
२. आयुष्य वाढणार असेल तर साधारण किती? आठवडे, महिने की वर्षे?
३. त्यातले किती दिवस दवाखान्यात जातील?
४. दुष्परिणाम कोणते आणि ते झाल्यावर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा?
५. यापेक्षा सोपा, घराजवळ घेता येईल असा उपचार आहे का?
६. हा उपचार घेतला नाही तर काय होईल आणि त्रास होऊ नये म्हणून तुम्ही काय द्याल?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अनेक कुटुंबे शेत गहाण टाकून किमो घेतात तेव्हा तो आजार बरा करण्यासाठी आहे असे त्यांना वाटत असते. डॉक्टरांचा हेतू वेगळा असतो आणि हा फरक कोणी उघड बोललेलेच नसते.

रुग्णाला सांगायचे की नाही?

"आईला सांगू नका, ती खचेल." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्यामागचे प्रेम आणि भीती दोन्ही आम्हाला ओळखता येतात. पण रुग्णाला खरोखर काही कळत नसते का?

पाथर्डीकडच्या एका ऊसतोड कुटुंबातील पन्नाशीच्या ताईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता. घरच्यांनी त्यांना "पिशवीला सूज आहे" असे सांगितले होते. आम्ही दोन-तीनदा जाऊन बसलो, इकडचे तिकडचे बोललो आणि एकदा सहज विचारले, "ताई, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" त्या लगेच म्हणाल्या, "मला कळतं की समदं. पोरं रडतील म्हणून मी गप बसले."

आई मुलांना वाचवण्यासाठी गप्प, मुले आईला वाचवण्यासाठी गप्प. या गप्प बसण्यात महत्त्वाचे महिने निघून जातात. कोणाला भेटायचे राहते, बचत गटाचा हिशेब सांगायचा राहतो, धाकट्या मुलीच्या शिक्षणाचे बोलायचे राहते. त्या ताईंना काय हवे होते ते विचारल्यावर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पुन्हा पुन्हा गाडीत घालून नेऊ नका. आणि रात्री झोप लागेल एवढे करा.

सगळ्यांना सगळे एकदम सांगायचे, असाही याचा अर्थ नाही. काही रुग्णांना जाणून घ्यायचे नसते, त्यांचा तो अधिकार आहे. म्हणून आधी विचारावे : "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी? तुम्हाला स्वतःला ऐकायचे आहे की घरातल्या कोणाला सांगू?" रुग्ण जेवढे विचारेल तेवढे खरे सांगावे. खोटी आशा देऊ नये आणि "आता काही उरले नाही" असेही म्हणू नये, कारण त्रास कमी करण्यासारखे नेहमी काहीतरी उरलेले असते. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात बुद्धांनी वाणीची कसोटी सांगितली आहे. बोलणे सत्य असावे, हिताचे असावे, आणि अप्रिय असेल तर वेळ ओळखून बोलावे. रुग्णाच्या खाटेजवळ यापेक्षा चांगला नियम आम्हाला सापडलेला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुरुष आजारी असेल तर निदान त्याच्यासमोर चर्चा होते. बाई आजारी असेल तर तिच्या उपचाराचा निर्णय तिच्याशिवायच होतो. उपचार चालू ठेवायचा असो किंवा पैशाअभावी थांबवायचा असो, तिला विचारले जात नाही. समतेचा विचार सांगणाऱ्या आपल्या घरांनीही याबाबतीत स्वतःकडे पाहायला हवे.

मॉर्फिन : भीती आणि वस्तुस्थिती

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे मुख्य औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्यावर मध्यम ताकदीची आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध दुखायला लागल्यावर घ्यायचे नसते. ते घड्याळाप्रमाणे, ठरलेल्या अंतराने घ्यायचे असते. मॉर्फिनची साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी देतात.

मॉर्फिनविषयी आम्हाला विचारले जाणारे प्रश्न असे :

सवय लागेल का? वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. मात्र शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करायचे असते.

त्याने मरण लवकर येते का? योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. आजार शेवटच्या टप्प्यात असताना ते सुरू केले जाते, म्हणून लोकांना तसे वाटते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलावी लागते, तेव्हा डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

त्रास कोणते? बद्धकोष्ठता जवळजवळ सर्वांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते. फार झोप येऊ लागली, माणूस लवकर जागे होईना किंवा श्वास मंद वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवावे. गोळ्या मुलांपासून दूर, कुलपात ठेवाव्यात. दुसऱ्या कोणाला देऊ नयेत आणि उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या तिथे परत कराव्यात.

पंचशीलाचा भंग होतो का? हा प्रश्न आम्हाला एका वयस्क उपासकांनी विचारला होता. दुखण्याने ते कण्हत होते, पण "आयुष्यभर शील पाळले, आता अफूचे औषध नको" म्हणत होते. पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या नशेपासून दूर राहायला सांगते. वेदनेने ज्याचे चित्त क्षणभरही स्थिर राहत नाही, त्याने चित्त स्थिर व्हावे म्हणून घेतलेले औषध हे प्रमादाचे कारण नाही. विनयात तर भिक्खूंनाही आजारपणात औषध घेण्याची मुभा आहे. दुखणे थांबल्यावर ते उपासक पुन्हा बसून वंदना घेऊ लागले. मात्र नको म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच होता, हेही आम्ही त्यांना सांगितले होते.

मग हे औषध सहज का मिळत नाही? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवण्यासाठी अनेक परवाने लागत आणि रुग्णालये ती कटकट टाळत. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसह काही औषधे "अत्यावश्यक अमली औषधे" ठरवण्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच मान्यतेवर ती ठेवता येऊ लागली. कायदा बदलला, तरी मान्यता घेणारी रुग्णालये आणि मॉर्फिन लिहून देण्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर तालुक्यांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाहीत. वर सांगितलेल्या ताईंचा भाऊ दर पंधरा दिवसांनी एसटीने पुण्याला जाऊन गोळ्या आणत असे. पहिल्या गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "आज कोंबडा आरवला तवाच जाग आली." त्या रात्रभर झोपल्या होत्या.

कायदा काय सांगतो?

उपचाराला संमती देण्याचा अधिकार सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाचा स्वतःचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केले. उपचाराचा प्रकार, फायदे, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाईक परस्पर निर्णय घेऊ शकत नाहीत. जो संमती देऊ शकतो, तो नकारही देऊ शकतो. किमो नको म्हणणे ही आत्महत्या नाही आणि तो गुन्हाही नाही.

सन्मानाने मरण्याच्या हक्काची चर्चा देशात महाराष्ट्रातूनच पेटली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याविषयीच्या याचिकेवर २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापुरती मागणी नाकारली. मात्र काही कडक अटींवर, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम जीवनाधार काढता येतील, हे तत्त्व मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी "कॉमन कॉज" खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे मात्र आजही बेकायदा आहे.

याच निकालाने "लिव्हिंग विल", म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केले. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची पद्धत सोपी झाली. ती अशी :

१. १८ वर्षांवरील, मनाने सक्षम व्यक्ती स्वेच्छेने हे लिहू शकते.
२. बरे होण्याची आशा नसताना आणि स्वतः सांगता येत नसताना कोणते उपचार नकोत (उदा. व्हेंटिलेटर) हे स्पष्ट लिहावे. अशा वेळी आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावे द्यावीत.
३. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे. पूर्वीप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही.
४. प्रती नेमलेल्या व्यक्तींना आणि आपल्या डॉक्टरांना द्याव्यात. एक प्रत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्थानिक संस्थांमध्ये असे अभिरक्षक नेमले.
५. विचार बदलला तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते किंवा बदलता येते.

इच्छापत्राची अंमलबजावणी रुग्णालयातील प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानंतरच होते. रुग्ण बोलू शकतो, समजू शकतो तोपर्यंत मात्र या कागदाची गरज नाही. त्याचा शब्दच पुरेसा आहे.

आपल्या जिल्ह्यात काय आहे, काय नाही?

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या. नगरचे सिव्हिल हॉस्पिटल, लोणीचे प्रवरा रुग्णालय, विळद घाटातील विखे पाटील फाउंडेशनचे रुग्णालय अशी मोठी रुग्णालये जिल्ह्यात आहेत. तरीही कॅन्सर म्हटले की रुग्ण बाहेर जातो. नगर, पारनेर, श्रीगोंद्याकडचे पुण्याला, अकोले-संगमनेरचे नाशिकला, नेवासा-शेवगावचे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि जामखेडकडचे काही बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. उपचार संपले की रुग्ण गावी येतो. खरी अडचण तेथे सुरू होते, कारण मोठ्या रुग्णालयाची फाईल आणि गावातील आरोग्य केंद्र यांची गाठ कोणी घालून देत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशनला त्याचा मोठा आधार आहे. पण घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्यात धरली जात नाही. भूमिहीन मजुराच्या घरात नेमका हाच खर्च कंबर मोडतो.

कागदावर तरतूद आहे. केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला. गावपातळीवरील आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या १२ सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअरचा समावेश आहे. म्हणून उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंकडे घरभेटीची मागणी करावी. सिव्हिलमधील असंसर्गजन्य रोग विभागात मॉर्फिनबाबत लेखी विचारणा करावी. मागणी नोंदलीच गेली नाही, तर गरज नाही असेच धरले जाते.

एक इशारा. या टप्प्यावर "पंधरा दिवसांत गाठ विरघळवतो" म्हणणारे बाबा आणि वैदू घर शोधत येतात. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या चमत्कारी उपाय जाहिरात कायद्याने बंदी आहे. उरलेसुरले पैसे त्यांच्या हाती देण्यापेक्षा रुग्णाच्या दूध-फळांसाठी ठेवा.

घरी काळजी घेताना

कॅन्सरच्या जखमेला वास येतो आणि त्यामुळे माणसे जवळ बसत नाहीत. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक करून जखमेवर टाकल्यास हा वास बराच कमी होतो. डॉक्टरांना विचारून हा उपाय जरूर करावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. धाप लागत असेल तर उशांच्या आधाराने बसते करावे, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्यावा. गर्दी कमी करावी.

शेवटच्या दिवसांत भूक जाते. घरच्यांना वाटते, खाल्ले नाही म्हणून तो जातोय. खरे तर शरीर बंद होत असल्यामुळे अन्न नको होते. बळजबरीने भरवल्यास ठसका लागतो, अशा वेळी चढवलेल्या सलाईनने सूज आणि धाप वाढू शकते. ओठ ओले ठेवावेत, तोंड स्वच्छ करावे, मागेल ते दोन चमचे द्यावे. हात हातात धरून बसावे.

आणि जो काळजी घेतो, त्याचीही काळजी घ्यावी. बहुतेक घरांत ती सून किंवा लेक असते. आठवड्यातून एक दिवस तरी तिला कोणीतरी सोडवायला हवे.

जामखेडने दाखवलेली वाट

हे सगळे मोठ्या शहरातच शक्य आहे, असे वाटणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना, ज्यांत अनेक दलित आणि निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग यांवर या बायांनी काम केले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या दुष्काळी तालुक्यात डॉक्टर पोहोचत नव्हते, तेथे प्रशिक्षित शेजारीण पोहोचली.

केरळने पॅलिएटिव्ह केअरमध्ये हेच केले. कोझिकोडमध्ये १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम पुढे स्वयंसेवकांच्या जाळ्यातून वस्त्यावस्त्यांत गेले. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण केले आणि ग्रामपंचायती घरपोच सेवेचा भार उचलू लागल्या. आपल्या ग्रामपंचायतीही हा विषय ग्रामसभेत घेऊ शकतात.

आपल्या बुद्ध विहारांकडे माणसे आहेत, जागा आहे, रविवारची वंदना आहे. मृत्यूनंतर पुण्यानुमोदनाला सारा समाज जमतो, तशी आजारपणात चार माणसे पाळीने का जाऊ नयेत? विहाराच्या पाच-सहा तरुण-तरुणींनी ड्रेसिंग, रुग्णाला वळवणे, औषधांची वही ठेवणे एवढे शिकून घेतले, महिन्यातून एक जण पुण्याहून तीन घरांच्या गोळ्या त्यांच्या रीतसर चिठ्ठ्यांवर आणू शकतो का याची संस्थेकडे विचारणा केली, तरी किती घरांच्या फेऱ्या वाचतील. विनयाच्या महावग्गात कथा आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले, उचलून खाटेवर ठेवले आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्या ताई आपल्या घरीच, ओसरीत, माणसांत गेल्या. बरे होणे त्यांच्या हाती नव्हते. कुठे राहायचे, किती प्रवास करायचा आणि कोणाशी काय बोलायचे हे मात्र शेवटपर्यंत त्यांनीच ठरवले. हे ठरवता आले, कारण त्यांना कोणीतरी विचारले आणि पिशवीत मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. विचारणे आपल्या हाती आहे. गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळाव्यात, यासाठी मात्र आपण सर्वांनी मिळून भांडावे लागेल.